पाहुणा कामगार आणि त्याची मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



युरोपातील कामधंदा कसकसा बदलत गेला, या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी सूचना मला झाली. विषय अफाट आहे. सगळ्या युरोपाचे थोडे थोडे सांगत बसलो, तर तुमच्या पदरात काहीच पडणार नाही. म्हणून मी एकच देश घेतो, जर्मनी. आणि त्यातही रूर नावाचा एक मुलूख व तिथे रोजगारासाठी गेलेले तुर्की लोक. त्यांची हकीकत आपल्या घरांशी कुठे जुळते, हे ऐकता ऐकता तुमच्याच ध्यानात येईल.

रूर ही ऱ्हाइनला मिळणारी एक नदी. तिच्या आसपास एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, डुइसबुर्ग अशी शहरे एकमेकांना चिकटून वसलेली आहेत. जमिनीच्या पोटात दगडी कोळसा आणि जमिनीवर पोलादाच्या भट्ट्या, असा हा प्रदेश. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा ही शहरे बेचिराख झाली होती; पण देश पुन्हा उभा करायचा तर कोळसा आणि पोलाद हवेच होते. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या कोळसा खाणींत सहा लाख माणसे राबत होती. कारखान्यांना माणसे अपुरी पडू लागली. पूर्व जर्मनीतून येणारा ओघ १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहताच आटला. इटलीशी १९५५ साली, स्पेन व ग्रीस यांच्याशी १९६० साली कामगार आणण्याचे करार झालेच होते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशीही करार झाला. या कामगारांना जर्मन भाषेत नाव पडले 'गास्टआर्बाइटर', म्हणजे पाहुणा कामगार. नावातच सगळे आले. पाहुण्याने चार दिवस राहावे आणि निघावे.

इस्तंबूलला जर्मन कचेरी होती. तिथे उमेदवारांची तपासणी होई. दात पाहत, छाती पाहत, लघवी तपासत. शरीर धडधाकट असेल त्याला करारपत्र मिळे. मग सिर्केजी स्थानकावरून आगगाडीत बसून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून मंडळी म्युनिचच्या अकरा नंबरच्या फलाटावर उतरत आणि तिथून निरनिराळ्या कारखान्यांत वाटली जात. त्यांत पुष्कळजण आपल्या मुलखात हुन्नरी कारागीर होते, काही तर शिक्षकही होते. पण इथे मिळे ते अंगमेहनतीचे काम. बायकाही गेल्या, हे आपण सहसा विसरतो. बर्लिनच्या रेडिओ आणि विजेच्या सामानाच्या कारखान्यांत तुर्की तरुणी एकट्या गेल्या, वसतिगृहांत राहिल्या आणि घरी पैसे पाठवू लागल्या.

पहिल्या करारात दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षे झाली की हा परत, त्याच्या जागी दुसरा. १९६४ साली ही अट काढून टाकण्यात आली. तिच्याविरुद्ध ओरड केली होती ती कारखानदारांनी. शिकून तयार झालेला माणूस घालवायचा आणि नवख्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, हा त्यांना तोट्याचा सौदा वाटत होता. कामगाराची दया आली म्हणून तो नियम बदलला, असे कोणी समजू नये.

त्याच वर्षी, १० सप्टेंबर १९६४ रोजी, दहा लाखावा परदेशी कामगार कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर उतरला. तो पोर्तुगीज सुतार होता, आर्मांदो रोद्रिगेश द सा त्याचे नाव. बँड वाजला, हारतुरे झाले, एक छोटी मोटारसायकल भेट मिळाली. ते छायाचित्र जर्मनीत आजही छापतात. पुढची गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. काही वर्षांनी हा माणूस आजारी पडून गावी परतला आणि पोटाच्या कर्करोगाने १९७९ साली वारला. औषधोपचारात त्याची सारी शिल्लक संपली. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आजारपणाचा पैसा आपल्याला मिळू शकतो, हे त्याला माहीतच नव्हते. त्याची ती गाडी आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे.

आता मुलांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुर्की लोकांशी करार झाला १९६१ साली. पण रूरच्या कोळशाला उतरती कळा लागली होती १९५८ पासूनच. परदेशचा कोळसा स्वस्त येत होता, तेल त्याहून सोयीचे होते. स्थानिक जर्मन खाणकामगाराने हे ओळखले आणि तो मुलाला घेऊन दुसऱ्या धंद्यात शिरू लागला. जागा रिकाम्या झाल्या त्या त्यामुळे. परदेशात एखाद्या कामाला माणसे हवीत असे ऐकले की आपण हुरळून जातो. ती जागा रिकामी का झाली, हे विचारीत नाही.

नोव्हेंबर १९७३ मध्ये जर्मनीने नवी भरती बंद केली. त्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला होता, भाव भडकले होते, कारखाने मंदावण्याची चिन्हे होती. योगायोग पाहा. ज्या तेलाच्या भावाने तुर्की माणसाचा जर्मनीचा दरवाजा लावला, त्याच भावाने आखातात पैसा ओतला आणि आपल्या कोकणच्या मुलांना मस्कत, दुबई, कुवेतचा दरवाजा उघडला. त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातील आपले लोक आगबोटींवर खलाशी म्हणून जात, पी. अँड ओ. कंपनीच्या डेकवर कोकणी मुसलमान सारंग आणि टंडेल पिढ्यान्‌पिढ्या होते. पुढे कंटेनरची जहाजे आली आणि चाळीस माणसांचे काम वीस माणसे करू लागली. तो धंदा आटत असतानाच आखात मिळाले, म्हणून तो घाव आपल्याला फारसा जाणवला नाही.

भरती बंद झाली म्हणजे पाहुणे परत जातील, अशी जर्मन सरकारची अटकळ होती. झाले उलटेच. पूर्वी माणूस गावी जाऊन वर्षभराने परत येऊ शकत होता. आता एकदा गेला की परतीचा रस्ता बंद. म्हणून लोकांनी जाण्याऐवजी बायकामुलांनाच बोलावून घेतले. १९७३ साली तिथे सुमारे ९ लाख तुर्की होते. १९८० साली ते १४ लाखांवर गेले. १९८३ साली सरकारने कायदा करून परत जाणाऱ्यास १०,५०० मार्क देऊ केले. काहीजण गेले, बहुतेक राहिले.

राहिले खरे, पण मनाने नाही. पुढल्या वर्षी गावी जायचे, घर पुरे झाले की जायचे, असे म्हणता म्हणता वीस वर्षे गेली. त्याचा फटका बसला मुलांना. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी मूल दहा वर्षांचे झाले की शाळेची वाट ठरते. गिम्नाझियुममध्ये गेलेला विद्यापीठात जातो, हाउप्टशूलेत गेलेला लवकर कामाला लागतो. ज्या मुलाची भाषा कच्ची आणि ज्याचे आईवडील शाळेत विचारपूस करायला जात नाहीत, ते मूल आपसूक तिसऱ्या वाटेला लागे. बाप तरी काय करणार? तो रात्रपाळीला. आई भाषा जाणत नाही. आणि उद्या गावी जायचेच आहे, मग जर्मन शाळेची एवढी चिंता कशाला, हाही विचार असेच.

उगुर शाहिन हे नाव तुम्ही कोरोनाच्या काळात ऐकले असेल. बायोनटेक कंपनीची लस २०२० साली ज्यांनी सिद्ध केली, ते हे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी ओझलेम तुरेजी. शाहिन यांचा जन्म तुर्कस्तानात इस्केंदेरुनला झाला. वडील कोलोनला फोर्डच्या मोटार कारखान्यात कामगार, मुलगा चार वर्षांचा असताना जर्मनीत आला. प्राथमिक शाळा संपताना शिक्षकांनी त्याला हाउप्टशूलेतच पाठवावे, असा सल्ला दिला होता. एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून रदबदली केली, म्हणून तो गिम्नाझियुमला गेला. तो शेजारी त्या दिवशी घरी नसता तर? आणि ज्यांना असा शेजारी लाभला नाही, अशी किती मुले असतील? मला ही गोष्ट अभिमानाची कमी आणि धास्तीची जास्त वाटते.

बोखुममध्ये जमिनीचा एक तुकडा आहे, त्याच्याविषयी सांगतो. तिथे पूर्वी डानेनबाउम नावाची कोळशाची खाण होती. ती बंद पडली. त्या जागेवर ओपेल कंपनीने मोटारींचा कारखाना काढला, १९६२ साली. भरभराटीच्या काळात तिथे वीस हजारांवर कामगार होते. तो कारखाना डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाला. आता तिथे एका बाजूस टपाल पार्सलांची वाटणी करणारे मोठे केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूस विद्यापीठाच्या संशोधन शाळा. पन्नास-साठ वर्षांत एकाच जमिनीवर तीन तऱ्हेची कामे. आणि आज त्याच कुंपणात एकजण पार्सले उचलतो, दुसरा यंत्रांवर प्रयोग करतो. दोघांचे आजोबा कदाचित एकाच खाणीत उतरत असतील. ते विद्यापीठही आधी नव्हते. एवढ्या दाट वस्तीच्या रूर प्रदेशात विसाव्या शतकातले पहिले विद्यापीठ बोखुमलाच, १९६५ साली सुरू झाले, म्हणजे कोळसा ढासळू लागल्यावर. रूरची शेवटची खाण बोट्रोपला २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. साठ वर्षांत एवढा मोठा धंदा बुडाला, तरी खाणकामगारांची संघटना आणि सरकार यांनी मिळून मुदतपूर्व पेन्शन, बदली आणि नवे शिक्षण यांची व्यवस्था केली. ज्याचे नाव कामगार संघटनेत आणि विम्यात होते, तो सावरला. ठेकेदाराकडून आलेल्याला असे कोण विचारणार?

सगळेच काही रडगाणे नाही. डुइसबुर्गच्या मार्क्सलोह भागात, पोलाद कारखान्याच्या सावलीत, तुर्की लोकांनी लग्नाच्या पोशाखांची दुकाने थाटली. आता तिथे एक सबंध रस्ताच वधूच्या कपड्यांसाठी नावाजलेला आहे. त्याच भागात २००८ साली मोठी मशीद उघडली. नागरिकत्वाचा कायदाही २००० साली बदलला आणि तिथे जन्मलेल्या मुलांना हक्क मिळाला. पाहुणा शब्द गळून पडायला एवढा काळ जावा लागला.

आता आपल्याविषयी. जर्मनी पुन्हा माणसे मागतो आहे. महायुद्धानंतरच्या भरघोस पिढीचे लोक निवृत्त होत आहेत आणि मुले कमी जन्मली आहेत. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांची तिथे चणचण आहे. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्याच २०२४ च्या डिसेंबरात फोक्सवागेन कंपनीने २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करण्याचा समझोता कामगारांशी केला. म्हणजे मोटारीच्या कारखान्यातली जागा कमी होत आहे आणि रुग्णालयातली वाढत आहे. नर्सिंगचे नाव काढले की नाक मुरडणारे पालक आपल्यात आहेत. केरळच्या मुली १९६० च्या दशकापासून जर्मन रुग्णालयांत जात आहेत, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

तिथे 'आउसबिल्डुंग' नावाची शिक्षणपद्धती आहे. तीनशेहून अधिक धंद्यांसाठी ती चालते. शिकाऊ उमेदवार आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कामावर, अशी दोन ते साडेतीन वर्षे काढतो, आणि त्याला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र हाती येते, ते देशभर चालते. बारावीनंतर आपला मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ शकते. पण सामान्यतः बी-१ पातळीची जर्मन भाषा यावी लागते, आणि परिचारिकेस बहुधा बी-२. ही भाषा महिन्याभरात येत नाही. रोज अभ्यास केला तर वर्ष घालवावे लागते.

दहावीचा निकाल लागला की पासपोर्टचा अर्ज, असा आपल्या पुष्कळ घरांत रिवाज आहे. पासपोर्ट अवश्य काढा. परंतु एजंटाच्या हाती लाखभर रुपये ठेवण्याआधी करारपत्र शिक्षकांकडून वाचून घ्या. त्यात मालकाचे नाव, पगार, विमा आणि प्रमाणपत्राची मान्यता या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते पाहा. आयटीआयचा दाखला, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती सांभाळून ठेवा. तिथे कागदावाचून अनुभवाला किंमत देत नाहीत. ज्या विद्यार्थ्यांना जर्मन भाषेच्या वर्गाची इच्छा असेल, त्यांनी आज जाण्याआधी आपली नावे मुख्याध्यापकांकडे द्यावीत. पुरेशी नावे आली, तर वर्गासाठी खोली देण्याचे अध्यक्षांनी मान्य केले आहे. मुलींनीही नावे द्यावीत.