रस्त्यात सायकलीचा वाटा

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

रत्नागिरी हे दोन पातळ्यांवर वसलेले शहर आहे. खाली मांडवीचा किनारा, गोखले नाका, राम आळी ही जुनी पेठ. आणि वर माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप व पुढे कुवारबाव ही सड्यावरची नवी वस्ती. या दोहोंच्या मधला चढ एका पिढीपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या पायांना चांगला परिचित होता. जाताना सुसाट उतरायचे आणि येताना सायकल हाताने ढकलत, गप्पा मारत वर यायचे, असा तो नित्यक्रम होता. तो चढ आजही तेवढाच आहे, रस्ता पूर्वीपेक्षा गुळगुळीत झाला आहे आणि सायकलीला गिअर आले आहेत. तरीही शाळा सुटण्याच्या वेळी प्रवेशद्वारासमोर गर्दी असते ती स्कूटर घेऊन आलेल्या मातांची, रिक्षांची आणि व्हॅनची. ज्या मुलाचे घर जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, त्यालाही कोणीतरी पोहोचवावे लागते आणि कोणीतरी आणावे लागते.

याचा दोष मुलांच्या आळसाला किंवा पालकांच्या लाडाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोयीची आहे, पण न्याय्य नाही. घरातल्या आईला विचारले, तर ती एका वाक्यात उत्तर देते : "त्या रस्त्यावर पोराला एकटे कसे सोडायचे?" आजच्या विषयाचे सारे मर्म या प्रश्नात आहे.

सायकल ही मुळात मध्यमवर्गाची आणि कष्टकऱ्यांची प्रतिष्ठित सोबतीण होती. कित्येक गावांत नगरपालिका सायकलीवर कर घेत असे आणि पत्र्याचा बिल्ला देत असे. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली किंवा डबलसीट बसवले, तर पोलीस हटकत. हे आज विनोदी वाटते. पण त्यामागे एक मान्यता होती, की सायकल हे वाहन आहे आणि रस्त्यावर त्याचा हक्क आहे. पुढे पुण्यातूनच १९७२ साली 'लुना' निघाली, नंतर स्कूटरसाठीची प्रतीक्षायादी संपली, १९८५ पासून कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या. लोकांनी त्या घेतल्या यात गैर काहीच नव्हते. गैर हे झाले, की प्रत्येक रुंदीकरणात रस्ता केवळ त्यांच्यासाठी, आणि पुढे मोटारींसाठी आखला गेला. बिल्ल्याबरोबर हक्कही गेला.

वास्तविक, या देशाने हा विचार फार पूर्वी केला होता. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल मार्गांच्या रचनेसाठी १९६२ सालीच मानके प्रसिद्ध केली. दोन सायकली शेजारून जाण्यासाठी किमान दोन मीटर रुंदी असावी, हे त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की ज्या रस्त्यावरून गर्दीच्या तासाला दोनशेहून अधिक मोटारवाहने जातात, तेथे सायकली अवघ्या शंभर असल्या तरी त्यांना स्वतंत्र मार्ग देणे समर्थनीय ठरते, असे ते मानक सांगते. मारुती मंदिरच्या चौकात सकाळी दहा वाजता उभे राहिले, तर दोनशे वाहने मोजायला तास लागणार नाही.

यावर कोणी अभियंता म्हणेल, की वाहने भरतील, पण सायकली शंभर कुठे आहेत? हा प्रश्न तर्कशुद्ध दिसतो. परंतु ज्या वाडीत शाळाच नाही, तेथे शाळेत जाणारी मुले मोजायला जावे आणि एकही न आढळल्याने शाळेची आवश्यकता नाही असा शेरा मारावा, तसा हा प्रकार आहे. सायकली दिसत नाहीत, कारण त्या चालवण्यासारखी जागा उरलेली नाही; आणि सायकली दिसत नाहीत, म्हणून जागा ठेवली जात नाही. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते, आणि ते तोडण्याची संधी रस्ता नव्याने बांधला जात असतानाच मिळते. डांबरी रस्ता दोन-चार वर्षांनी पुन्हा उकरला जातो, चूक सुधारता येते. काँक्रीटचा रस्ता एकदा झाला, त्याखाली जलवाहिन्या आणि केबल गेल्या, कडेला गटारे बांधून झाली, की तो तीस-तीस वर्षे हलत नाही. कोकणातील शहरे आता काँक्रीटकडे वळत आहेत. मिऱ्यापासून निघून कुवारबाव, हातखंबामार्गे कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग चौपदरी करण्याचे कामही या काळातलेच. म्हणून हा विषय आजचा आहे.

अर्थात, पट्टी आखली म्हणजे काम झाले, असेही नव्हे. पुण्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याला २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून निधी मिळाला. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेटच्या परिसरात जलद बससेवेचा पहिला मार्ग सुरू झाला, आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही बांधण्यात आले. कागदावर सारे सुरेख होते. प्रत्यक्षात ट्रॅकच्या मध्येच विजेचा खांब, पुढे वृक्ष, त्यापुढे बसथांबा, मग कोणाच्या दुकानाची पायरी. पृष्ठभाग पेव्हर ब्लॉकचा, त्यामुळे चाक सतत धडधडणार. आणि चौक आला, म्हणजे जेथे संरक्षणाची खरी निकड, तेथे ट्रॅक वीतभर उंचीच्या कडेवर अकस्मात संपणार! सायकलस्वार मुख्य रस्त्यावरूनच जात राहिला. मोकळ्या ट्रॅकवर दुचाकी उभ्या राहू लागल्या, आणि मग म्हटले गेले, "बघा, कोणी वापरत नाही."

पुणे महापालिकेने पुढे २०१७ साली आठशेहून अधिक किलोमीटरांचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची लाट आली. रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल पुरवणे सोपे असते, वाट देणे अवघड. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातही २०११ च्या सुमारास खर्च करून ट्रॅक बांधले होते. २०२५ साली ते काढून मोटारींना आणखी जागा देण्याचा निर्णय झाला. कार्यालयांच्या बेटाभोवती फिरणारा तो मार्ग लोकांच्या घरापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. नाशिकने अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका असा सुमारे एक किलोमीटरचा 'स्मार्ट रस्ता' सायकल मार्गासह केला. पण एका किलोमीटरने कोणाचेही घर आणि शाळा जोडली जात नाही.

सायकल हे परकीयांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी हॉलंडचा इतिहास पाहावा. तेथेही महायुद्धानंतर मोटारी आल्या, सायकली हटल्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी तेलाचे संकट आले आणि सरकारलाही जाग आली. आज दिसणारे सायकलमार्ग त्या हट्टातून उभे राहिले, हवामान चांगले म्हणून नव्हे. आपल्याकडे तर कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते, आणि सायकली बनवण्यात हा देश चीनच्या खालोखाल आहे. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांना यापलीकडे आकडे देण्याची गरज नसावी.

मुलींच्या बाबतीत तर सायकलीचे मोल वेगळेच आहे. बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिची तपासणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आणि जेथे शाळा दूर होती, तेथे वाढ अधिक होती. कोकणात शिक्षणाची परंपरा जुनी आहे, मुली शाळेत आहेतच. परंतु शिकवणी, ग्रंथालय, क्रीडांगण येथे कोणी नेऊन सोडण्याची वाट न पाहता जाता येणे, हे स्वातंत्र्य त्यांना या शहरात आज किती आहे?

आता रत्नागिरीचे आक्षेप. पहिला चढाचा. चढावर सायकलस्वाराची गती ताशी सहा-सात किलोमीटरांवर येते, तोल सांभाळताना चाक थोडे नागमोडी चालते, आणि मागून येणारा ट्रक भोंगा वाजवतो. म्हणजेच स्वतंत्र जागेची निकड चढाच्या बाजूला सर्वाधिक आहे. उताराला सायकल वाहनांच्या बरोबरीने धावू शकते. रुंदी अपुरी असेल, तर केवळ चढाच्या बाजूने मार्ग द्यावा. दोन्हीकडे अर्धवट देण्यापेक्षा ते बरे. दुसरा आक्षेप पावसाचा. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण उरलेले सात-आठ महिने कोरडे असतात, याचा विसर का पडावा? मात्र पावसामुळे काही गोष्टी येथे पुण्याहून वेगळ्या कराव्या लागतील. पेव्हर ब्लॉकवर आषाढात शेवाळ धरते आणि चाक घसरते, तेव्हा पृष्ठभाग खरखरीत काँक्रीटचा किंवा डांबराचा हवा. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवल्या, तर सायकलचे चाक त्यात अडकते; त्या आडव्याच हव्यात. खर्चाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब, पण एखाद्या मुलाचा हात मोडतो तो इथेच.

तिसरा आक्षेप अरुंद गल्ल्यांचा, आणि तो रास्त आहे. राम आळीत किंवा गोखले नाक्यावर स्वतंत्र पट्टी शक्य नाही, ती मागूही नये. तेथे वाहनांची गती कमी ठेवणे आणि दोन्ही कडांना उभ्या राहणाऱ्या मोटारींना आवर घालणे, एवढे पुरेसे आहे. पट्टी मागायची ती वरच्या रुंद रस्त्यांवर, जेथे वेग आहे. दुकानदारांची धास्तीही समजून घेतली पाहिजे. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात हे गणित त्यांच्यासमोर मांडावे लागेल, आणि ते त्यांना भाषणाने पटणार नाही, एखाद्या रस्त्यावर करून दाखवावे लागेल.

नगर परिषदेकडे जायचे, तर घोषणा घेऊन जाण्यात अर्थ नाही. प्रत्येक रस्त्याच्या प्रकल्प अहवालात त्याचा 'आडवा छेद' नावाचा नकाशा असतो. कडेपासून कडेपर्यंत कोणाला किती मीटर दिले, हे त्यात स्पष्ट असते. निविदा निघण्यापूर्वी तो नकाशा मागावा. त्यात सायकलीला दोन मीटर आहेत का, बसथांब्याशी ती वाट थांब्याच्या मागून नेली आहे का, चौकात ती सलग राहते का, आणि दुचाकी आत शिरू नये यासाठी खांब लावले आहेत का, एवढे चारच प्रश्न विचारावेत. कोकणात रस्त्यांची कामे पावसाळा सरल्यावर सुरू होतात, कागद मात्र त्याआधी तयार होतात. तेव्हा मुलांच्या शाळा सुरू झाल्या, की जून-जुलैतच तो नकाशा पाहण्यासाठी चार पालकांनी नगर परिषदेत जावे, आणि जमल्यास सायकलीनेच जावे.