झाकण, दिवा आणि खारे पाणी



आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला समुद्र लांबचा. कुंभार्ली घाट उतरावा तेव्हा कोकण लागते. मुंबईला गेलेल्या पुष्कळांनी मात्र १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेआडचे समुद्री मासे पाहिले असतील. तिथे समुद्र समोरच होता. आपल्याकडे कृष्णेचे गोडे पाणी. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ विरघळवून समुद्र करावा लागतो. स्वयंपाकाच्या मिठाने ते साधत नाही, कारण समुद्रात नुसते मीठ नसते. चुना, मॅग्नेशियम असे इतरही क्षार असतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेत अशी टाकी मांडली. मासे नीट दिसावेत म्हणून झाकण ठेवले नाही. पाणी कमी झाले की मी तसेच खारे पाणी कालवून भर घालीत असे. दोन महिन्यांत मासे गेले. मुले रडली. दोष माझाच होता.

तो दोष कोणता, हे हिशोबाने पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पन्नास लिटरच्या टाकीत झाले १,७५० ग्रॅम. त्यातले पाच लिटर पाणी उडून गेले, तरी क्षार सगळे मागेच राहिले. म्हणजे लिटरला सुमारे ३९ ग्रॅम! त्यावर पुन्हा पाच लिटर खारे पाणी ओतले, की १७५ ग्रॅमची नवी भर. असे चार वेळा केले, तर लिटरला ४९ ग्रॅम होतात. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. उसाला पाणी भरमसाट दिले, निचरा झाला नाही, की ओल उन्हाने उडते आणि रानावर पांढरी खार फुलते. जमीन क्षारपड होते. टाकीतही तेच घडते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे झाकण. काचेचे दोन तुकडे घ्यावेत, खाली रबराचे छोटे ठोकळे ठेवून हवेला फट सोडावी. पाणी कमी उडते, मासा उडी मारून बाहेर पडत नाही. टाकीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि तूट नेहमी गोड्या पाण्यानेच भरावी. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग घालावे.

चैत्र-वैशाखात मात्र काच उष्णता कोंडते. पाणी साधारण २४ ते २७ अंशांत राहिले पाहिजे. अशा वेळी काच काढून चौकटीवर जाळी ताणावी. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने टाकी थोडी निवते. पण पाणी जास्त उडते, म्हणून गोड्या पाण्याची भर रोज घालावी.

दुसरी गोष्ट दिवा. टाकी उन्हात ठेवू नये. पाणी तापते आणि शेवाळ माजते. एलईडी दिवा दिवसाला आठ तास पुरे. काचेवर खार साचली की उजेड अडतो, म्हणून आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी. दिवा झाकणाच्या वर, पक्का बांधलेला असावा. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. वायर बटणापेक्षा खाली लोंबती सोडून मग वर न्यावी, म्हणजे थेंब बटणात न जाता खाली गळतील. हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. हे मुलांना आधी शिकवावे, मासे मागाहून आणावेत.

प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे; ते समुद्रातून आणू नयेत.

खर्च झेपत नसेल तर दोन बशा घ्या. एकीत मिठाचे पाणी उघडे ठेवा, दुसरीतले झाका. चार दिवसांनी मुलांना विचारा, पाणी गेले, मीठ कुठे आहे? उत्तर त्यांना बशीतच सापडेल, आणि उद्या ते रानातही उपयोगी पडेल.