संगणकाचा ताप

वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग औषधाचा विचार करतो. संगणकाच्या बाबतीत हा क्रम बहुधा पाळला जात नाही. यंत्राचे काम मंदावले, आतला पंखा घरघरू लागला, की ते जुने झाले असा निकाल देऊन नव्या खरेदीची बोलणी सुरू होतात. परंतु अशा कितीतरी यंत्रांना वार्धक्य आलेले नसते. त्यांना ताप चढलेला असतो. तो मोजता येतो आणि बहुधा अल्प खर्चात उतरवताही येतो.

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्वच अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली रीतसर कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्येही सुमारे २,७०० नलिका होत्या. त्या यंत्रांची उष्णता दालनभर मांडलेल्या सांगाड्यांतून विखुरली जाई. आज टेबलावरील संगणकाचा प्रोसेसर भर कामात पुष्कळदा १०० वॅटच्या आसपास वीज घेतो, आणि तीही दोनएक चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात. एके काळी घरोघरी असणारा १०० वॅटचा दिवा हाताला चटका देत असे; तेवढी शक्ती नखाएवढ्या जागेत कोंडली असता काय होईल, याची कल्पना सहज करता येईल.

या संकटापासून बचावाची सोय प्रोसेसरमध्येच केलेली असते. तापमान ठरावीक मर्यादेला, बहुतेक प्रोसेसरांत सुमारे १०० अंश सेल्सिअसला, पोहोचू लागले की तो आपली गती आपणच कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद पडते. गती कमी होताना कसलीही सूचना पडद्यावर येईलच असे नाही. साहजिकच तासाभराचे काम दोन तास का रेंगाळते, हे मालकाला उमगत नाही. आणि यंत्र अचानक बंद पडले, तर जतन न केलेले काम हातचे जाते.

युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींत या तापाची नोंद पाहणे सोपे आहे. उपकरणांची माहितीही शक्यतो फाइलच्या रूपाने मांडावी, ही त्या परंपरेची जुनी रीत होय. लिनक्समध्ये 'सिस' नावाच्या निर्देशिकेत तापमानाच्या फाइली असतात. तीत ४७००० असा आकडा आढळला, तर घाबरण्याचे कारण नाही. तो अंशाच्या सहस्रांशांत असून त्याचा अर्थ ४७ अंश इतकाच. एलएम-सेन्सर्स हा आज्ञासंच बसवून 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली, की निरनिराळ्या भागांचे तापमान आणि, जेथे उपलब्ध असेल तेथे, पंख्याचे फेरे व धोक्याची मर्यादाही दिसते. तिच्याआधी 'वॉच' हा शब्द जोडला असता दर दोन सेकंदांनी नवे आकडे येत राहतात. 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा साठवण-तबकडीचे तापमान सांगते. फ्रीबीएसडीमध्ये कोअरटेम्प हा विभाग कर्नलला जोडला, म्हणजे 'सिसकंट्रोल'द्वारे इंटेल प्रोसेसरचे तापमान वाचता येते.

मात्र सुटा आकडा फसवा असतो. यंत्र स्वस्थ असताना एक, भर कामात असताना दुसरा आणि खोलीच्या तापमानाचा तिसरा, असे तीन आकडे शेजारी मांडावे लागतात. हवेने थंड होणारे यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होऊ शकत नाही. पावसाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, त्याच कामात, सुमारे ८५ अंशांवर जाईल. ऋतुमानाने झालेली ही वाढ आणि बिघाडाने झालेली वाढ यांतला भेद नोंद ठेवणाऱ्यालाच कळतो.

निदान झाल्यावर उपचार. पहिला उपचार धूळ काढण्याचा. वीज तोडून, पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून, धातूच्या पंखांमधली धूळ हवेच्या झोताने उडवावी. यंत्र भिंतीला वा गादीला टेकलेले असल्यास मोकळे करावे. एवढ्याने गुण आला नाही, तर प्रोसेसर व धातू यांच्यामधला वाळलेला लेप बदलावा. त्यानंतर 'टॉप' या आज्ञेने कोणते काम प्रोसेसरला अकारण राबवीत आहे ते पाहावे. विसरलेले एखादे काम मागे दिवसभर चालू असल्याचे पुष्कळदा आढळते.

शेवटचा उपाय गतीच्या नियमनाचा. जेम्स वॉटने १७८८ साली बाष्पयंत्राला गतिनियामक जोडला. त्याला इंग्रजीत गव्हर्नर म्हणत. लिनक्समध्ये प्रोसेसरची गती ठरवणाऱ्या व्यवस्थेलाही तेच नाव आहे. 'सीपीयूपॉवर' या आज्ञेने गतीची वरची मर्यादा खाली आणता येते. कामात खर्च होणारी शक्ती गतीच्या आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दोन्ही दहा टक्क्यांनी उतरले, तर तो खर्च सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. थोडी गती सोडून पुष्कळ शीतलता मिळवण्याचा हा व्यवहार उन्हाळ्यात खचितच फायद्याचा आहे. याउलट, आवाज नको म्हणून पंखाच मंद करणे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

खंडेनवमीला अवजारे पुसून त्यांची पूजा करण्याचा प्रघात महाराष्ट्रात जुना आहे. त्या दिवशी संगणकाला फूल वाहणाऱ्यांनी त्याचे झाकण उघडून धूळही काढावी, वहीत ते तीन आकडे टिपावेत आणि फाल्गुनात, उन्हाळा तोंडावर आला असता, पुन्हा एकदा तेच करावे.