जाणीव झाली, पुढं काय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



काल दिवसभर आपण स्वतःविषयी बोललो. कुणी रडलं, कुणी चिडलं, काहीजणी किती वर्षांनी मोठ्यानं हसल्या. आज संध्याकाळी सगळ्या एसटी पकडून घरी जाणार, आणि दारात चपला काढेपर्यंत आतून आवाज येणार, ‘आलीस का? कणीक मळायची राहिलीय.’ मला त्या कणकेविषयी बोलायचं आहे.

‘व्यक्तिगत ते राजकीय’ असं आपण १९७५ च्या महिला वर्षापासून म्हणत आलो. त्यामुळे कायदे मागता आले, मोर्चे काढता आले. पण मोर्चा वर्षातून दोनदा निघतो, भाकरी दिवसातून दोनदा थापावी लागते.

सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची. असे पुरुष शंभरात २६, बायका ८१. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली: बाई २८९, पुरुष ८८. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाचीही नऊ वाचली! अंतर २०२ होतं, ते २०१ झालं. पाच वर्षांत एक मिनिट. या वेगानं गेलो तर आपल्या पणतीच्या पणतीलाही कणीक चुकणार नाही.

आमच्या गटात आम्ही एक साधं काम करतो. एका दिवसाचा हिशेब वहीत लिहायचा. उठले कधी, बसले कधी, जेवले कधी, कुणानंतर. त्यातली एकच गोष्ट निवडायची आणि महिनाभर बदलायची. एकच. सगळं घर बदलायला निघालेली बाई आठवड्यात दमते आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून दुप्पट जोमानं रांधायला लागते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

एका मैत्रिणीनं सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं ठरवलं. भाषण नाही, भांडण नाही. भाकऱ्या करून टोपलं मध्ये ठेवलं आणि ताट घेऊन बसली. पहिल्याच दिवशी कळलं की कालवण सहाजणांना पुरत नाही. इतकी वर्षं ती पाचांचंच करत होती, स्वतः खरवड आणि चटणीवर भागवत होती. नवऱ्याला तव्यावरची गरम भाकरी हवी होती. दोन दिवस तो घुम्यासारखा जेवला. सासूबाई मात्र आठवडाभर रुसल्या. का, ते नंतर एकदा सुनेला म्हणाल्या, ‘मला कुणी बसवलं नाही गं कधी.’ त्या रुसव्याला आपण चटकन ‘बाईच बाईची शत्रू’ म्हणून मोकळ्या होतो. मला ते पटत नाही. आता त्या घरात सासूचं ताट आधी मांडतात आणि कालवण सहाजणांचं होतं. भाकऱ्या अजून सूनच थापते. तेवढंच झालंय, जास्त सांगत नाही.

शहरातल्या मैत्रिणींसाठी एक अवघड गोष्ट. आपला मोकळा झालेला वेळ पुष्कळदा धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या कमरेवर उभा असतो. २००८ च्या कायद्यानं महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली. पण तिला आठवड्याची पगारी सुट्टी मिळते की नाही, हे आपल्याच ओट्यापाशी ठरतं. नवऱ्याशी समानतेवर वाद घालायचा आणि तिचा खाडा कापायचा, हे एका वहीत बसत नाही.

आणि जिथं एकटीनं बदल करायला गेलं की हात उगारला जातो, तिथं हा प्रयोग नको. तिथं आधी गटाला सांगा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्याखाली तुम्हाला त्या घरात राहण्याचाही हक्क आहे. ताटाचं नंतर बघू.

गावाकडच्या ज्यांना घराच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, नवऱ्याबरोबर स्वतःचं नाव लावायचं आहे, त्यांनी चहानंतर माझ्याकडे यावं. अर्ज इथंच बसून लिहू. बाकीच्यांनी वह्या काढा आणि कालचा नको, परवाचा, घरचा दिवस लिहायला घ्या.