एकाच चुलीवरचं पथ्य

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करणारा कामगार आहे. शाळा नववीपर्यंत, बाकी जे काही आहे ते वाचून शिकलो. दरवर्षी समिती मला बोलायला उभी करते आणि मी कामगार कायद्यावर बोलतो. तुम्ही ऐकून थकले असाल. यंदा शुगरवर बोलतो, म्हणजे मधुमेहावर. आज या मंडपात बसलेल्यांपैकी किती घरांत ती गोळी आहे, हे ज्याचे त्याला माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी गिरणीत तपासणी शिबिर झाले. उपाशीपोटी माझी साखर २१२ निघाली. १२६ किंवा त्याच्या वर निघाली आणि पुन्हा तपासून तेच आले, तर मधुमेह धरतात. मी म्हटले, मशीन खराब असेल. माझ्या अंगावर मांस कुठे आहे? शुगर गादीवर बसणाऱ्या शेटजीला होते, आठ तास उभे राहणाऱ्याला कशी होईल?

पुढे वाचनात आले ते सांगतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज सारखीच. पण चरबी मोजली तर साहेबाच्या अंगात ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतःच हलकी, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते, असे त्यात दिसले. आईच्या पोटात असताना जे मिळाले नाही, त्याचा आणि पुढच्या आयुष्यातल्या शुगरचा संबंध आहे, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून मला माझी माय आठवली. ती काय खाऊन रोजीला जात होती, हे मी पाहिले आहे.

आता माझ्या मोठ्या भावाबद्दल बोलतो. मनावर दगड ठेवूनच बोलतो. दादाला माझ्या आधी दहा वर्षे शुगर होती. डॉक्टरांनी पथ्य सांगितले. वहिनी बिचारी इमानदारीने दादासाठी वेगळी भाकर, वेगळी भाजी करायची आणि लेकरांसाठी भात, साखर घातलेल्या शेवया. सगळे एका पंगतीत आणि दादाचे ताट निराळे. एक दिवस दादा ताटावरून उठला. म्हणाला, "मले येगळं काऊन वाढून राह्यले? मी बाटलो का?"

वहिनीच्या मनात तसे काहीच नव्हते. पण आपल्या माणसाला वेगळे वाढलेले ताट कसे लागते, हे इथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायची गरज नाही. त्यानंतर दादा घरात पथ्य दाखवायचा आणि चौकात जाऊन आलुबोंडा, जिलेबी खायचा. पायाला जखम झाली ती कळलीच नाही, कारण शुगरने पायाची जाणीव जाते. आधी बोट कापले, मग गुडघ्याखाली पाय. दोन वर्षांत दादा गेला.

म्हणून माझी शुगर निघाली तेव्हा मी घाबरलो आणि उलटेच केले. जेवणच तोडले. गोळ्या दोन होत्या, त्यातली एक साखर जोरात उतरवणारी. गोळी घेतली, डबा नेला नाही, आणि रातपाळीत दोन वाजता हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधार. फिरत्या मशीनपासून सोबत्याने मागे ओढले आणि चहाची साखर तोंडात कोंबली. तेव्हापासून माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. पथ्य म्हणजे उपास नाही, हे मला त्या रात्री कळले. एकाने दिलेली झाडपाल्याची भुकटीही महिनाभर खाऊन पाहिली, त्या काळात साखर अजून चढली. तो किस्सा जाऊ द्या.

आमच्या घरात बदल केला तो आमच्या मंडळीने. ती म्हणाली, "मी काई दोन-दोन सयपाक करत नाई. तुम्ही जे खासान, तेच लेकरं खातीन." झाले. चूल एक, पथ्य सगळ्यांचे.

भात सोडणे सोपे नव्हते. आमच्या लहानपणी भात सणाला. रोज हायब्रीड ज्वारीची भाकर. आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही हायब्रीड गावोगाव आली, तिने पोट भरले हे खरे. पण ताटात पांढरा भात आला म्हणजे आपले दिवस फिरले, असे वाटायचे. आता तर रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट, आणि ते मुख्यतः गहू-तांदूळ. शेतात कापूस आणि सोयाबीन. ज्वारी पेरली तर रानडुकरे ठेवत नाहीत, म्हणून ती विकत आणावी लागते. एकेकाळी गरिबाची होती ती भाकर आता गव्हापेक्षा महाग पडते. बायको पोराला भाकर वाढायला लागली तेव्हा तो म्हणाला, आपण पुन्हा गरीब झालो काय?

तरी भाकर म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी खाल्ल्या तर तीही साखरच वाढवते. मी दीड खातो. भात लहान वाटीभर. वरण घट्ट, कधी अंडी, आणि अर्धे ताट भाजी: अंबाडी, चिवळ, पालक, जे बाजारात स्वस्त असेल ते. गूळ चालतो ही चुकीची समजूत आहे. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर एकच. सगळ्यात मोठा चोर निघाला चहा. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे. हिशेब केला तर महिन्याला दीड किलोच्या वर साखर मी एकटा पीत होतो! रातपाळीत आता बिस्किटाऐवजी फुटाणे नेतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ९.४ होती, ती ७.१ वर आली. गोळी चालूच आहे, ती डॉक्टर म्हणतील तेव्हाच कमी होईल.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी प्रमाणात खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला ठेवले, दिवसाला शंभर कहापण देऊन! हळूहळू राजा एका नाळीच्या भातावर आला. राजालासुद्धा जेवताना जवळ कोणीतरी लागला, हे मला त्यात मोलाचे वाटते.

आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली, घटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना, त्यांचे पाय दुखायचे, रात्री झोप नसायची, इन्सुलिन घ्यावे लागायचे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला आणि त्यांचे खाणे आणि औषध पुढे त्या पाहत. माईसाहेबांबद्दल समाजात पुष्कळ वाद झाले, ते आज नकोत. पण एवढ्या ज्ञानी पुरुषालाही हा आजार एकट्याने सांभाळता आला नाही, ही गोष्ट आपण कधी बोलत नाही.

आता विहाराचे. बुद्धपौर्णिमेला खीर, जयंतीला बुंदी, प्रत्येक बैठकीला गोड चहा. नाही म्हटले तर लोक म्हणतात, एका दिवसाने काय होते? मी मोजले, गेल्या वर्षी असे एक-एक दिवस एकतीस झाले. सुजाताची आठवण म्हणून खीर व्हावीच. पण शुगरवाल्यांना कोपऱ्यात बसवून वेगळे वाढू नका. चहा सगळ्यांचा बिनसाखरेचा करा, साखरेचा डबा मध्ये ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल. आणि तिशीच्या वरच्या सर्वांनी आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासावी, तिथे पैसे लागत नाहीत. शुगर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावे. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला दाखवावे.

समितीशी बोलणे झाले आहे. आजच्या भोजनात वरण-भातासोबत भाकर आणि मटकीची उसळ आहे, बुंदी परातीत टेबलावर आहे. वाढणाऱ्या पोरांना सांगितले आहे, कोणाच्या ताटात आग्रहाने टाकायची नाही. पंगत बसायची वेळ झाली, मी थांबतो. जयभीम.