कपाटाची किल्ली
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या जयंतीला आपल्या लेकरांची भाषणे ऐकली. निम्मी तरी एकाच चोपडीतून पाठ केलेली. एक मुलगा मधेच अडला, तर पुढचे वाक्य खाली बसलेल्या पोरीने सांगितले! हसू नका, ती चोपडी मीच दिली होती.

"सर, नवीन सुचत नाही," असे मुले म्हणतात. सुचेल कुठून? आधी आत काही जायला तर पाहिजे.

बाबासाहेब शिकत होते तेव्हा केळूसकर गुरुजींनी सत्काराच्या सभेत त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. घरी कबीर होता, रामायण-महाभारताचे वाचन होते. या पुस्तकाने वेगळी वाट दिसली. पण बाबासाहेबांनी केळूसकरांचेच पुस्तक पुन्हा लिहिले नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपल्या आजीलाही ठाऊक. बाबासाहेबांनी विचारले, २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नसेल? आणि त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेले शाक्य-कोलियांचे भांडण पुढे आणले. पाण्याचा तंटा! महाडचा सत्याग्रह केलेल्या माणसाला तो दिसणारच, असे मला आपले वाटते.

दूर कशाला, आपली दीक्षाभूमीच पाहा ना. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी सांचीचा स्तूप समोर ठेवला. पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, बाहेरून प्रदक्षिणा घालायची. २००१ साली उद्घाटन झालेला आपला घुमट आतून पोकळ. लाखो लोक येतात, त्यांना आत जाता आले पाहिजे, बसता आले पाहिजे. आकार जुना, पण गरज आपली. याला नक्कल कोण म्हणेल?

आता आपल्या विहाराचे बोलतो. राग मानू नका. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात पुस्तके आहेत, चित्रांचे दोन जाडजूड ग्रंथही आहेत. सगळी कोरीच्या कोरी! किल्ली कोणाकडे, हे कळायलाच मला तीन दिवस लागले. कार्यकारिणीला हात जोडून विनंती आहे, ती किल्ली खिळ्याला टांगा. पाने फाटतील, एखादे पुस्तक हरवेलही. हरवले तर पैसे मी भरतो.

पुढच्या जयंतीला चोपडी मिळणार नाही. दर रविवारी वंदनेनंतर मी कपाटापाशी बसेन. पोरांना पाठवा.

जयभीम!