अपस्माराचे औषध आणि आपले खाणेपिणे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



अपस्मार, ज्याला आपण घरोघरी फेफरे किंवा फिट म्हणतो, त्या व्याधीविषयी चारचौघांत बोलण्याचा प्रघात आपल्यात नाही. घरात लग्नकार्य योजिले असेल तर तो शब्दही कोणी उच्चारीत नाही. परंतु या मौनाची किंमत रोग्याला मोजावी लागते. ती कशी, हे मी आज फेनिटॉइन या एकाच औषधाच्या उदाहरणाने सांगणार आहे.

१९३८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे मेरिट व पुटनम या वैद्यकतज्ज्ञांनी या औषधाचा गुण सिद्ध केला. आपल्याकडे 'एप्टॉइन' या नावाने ते पुष्कळांच्या परिचयाचे आहे. औषध गुणकारी खरे, पण मोठे मानी! रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ते सामान्यतः १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. त्याहून कमी झाले तर झटके परततात. अधिक झाले तर डोळे भिरभिरतात, तोल जातो, जीभ जड होते. शिवाय यकृत त्याचा निचरा एका मर्यादेपर्यंतच करू शकते. ती गाठली की मात्रेतील अल्पशा वाढीनेही रक्तातील प्रमाण एकदम चढते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी १९६८ च्या सुमारास अनेक रोग्यांना अशीच विषबाधा झाली. मात्रा तीच होती. केवळ कॅप्सूलमधील भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी दुग्धशर्करा करण्यात आले होते, आणि औषध अधिक शोषले गेले. म्हणून एका कंपनीची गोळी मिळाली नाही, तर दुकानदार देईल ती दुसरी, डॉक्टरांस न विचारता, घेऊ नये. आम्लपित्तावरील औषधे व कॅल्शियमच्या गोळ्या यांनी फेनिटॉइनचे शोषण घटते. म्हणून त्यांत दोन-तीन तासांचे अंतर राखावे.

मद्याविषयी काय सांगावे? एकाच वेळी पुष्कळ प्याल्यास औषध रक्तात साचते. नित्याच्या व्यसनाने यकृत ते लवकर संपविते. दोन्ही वाटा संकटाकडेच जातात.

परंतु निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तूही जपून घ्याव्यात. शंखपुष्पी बुद्धिवर्धक म्हणून आपण मुलांना कौतुकाने देतो. फेनिटॉइन चालू असलेल्या दोन रोग्यांचे झटके शंखपुष्पीयुक्त औषधानंतर पुन्हा सुरू झाल्यावरून मुंबईच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांत फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटल्याचे दिसले; हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आयुर्वेदाची ही निंदा नव्हे. दोन औषधे एकमेकांना न ओळखता एका पोटात गेली, इतकाच दोष. क्षयावरील आयसोनियाझिड याउलट फेनिटॉइनचे प्रमाण वाढविते. फॉलिक ॲसिड ते घटवू शकते, आणि फेनिटॉइनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुण उणावतो. म्हणून भगिनींनी गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध मात्र आपल्या मनाने कधीही एकाएकी बंद करू नये. त्याने झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतते.

उपवास असो वा जागरण, गोळीची वेळ चुकवू नये. निद्रानाशानेही झटका येतो. देव भक्ताच्या गोळीवर रुष्ट होत नाही.

आता मौनाकडे वळतो. नवी सून सासरी गोळी लपवून घेते. सासू मायेने काढा देते, शेजारीण चूर्ण आणून देते, आणि ती बिचारी कोणालाच नाही म्हणू शकत नाही. झटका आला की दैवाला दोष! १९९९ साली हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडले, ते आपण उराशी का धरावे? विवाहापूर्वी उभय पक्षांनी ही गोष्ट मोकळेपणाने बोलावी, आणि घरातील प्रत्येक रोग्याने आपण घेतो त्या सर्व गोळ्या, काढे व चूर्णे यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. लपविलेल्या रोगाला औषधही नीट लागू पडत नाही.